ड्वार्फ लोकांच्या थाटाचा दणकट मीट पाय करायचाय, पारी उभी कशी राहील?

फासेवाला
मंडळी मदत हवीय. आमचा रोलप्ले गेमचा ग्रुप आहे, पुढच्या सेशनला सगळी कॅरेक्टर्स डोंगराच्या पोटातल्या ड्वार्फ (काल्पनिक कथांमधले बुटके, दणकट लोक) किल्ल्यात पोचणारेत आणि मी जाहीर करून बसलोय की त्या रात्रीचं जेवण पण ड्वार्फांचंच असेल. म्हणजे नाजूकसाजूक काही नको, एकच मोठा मीट पाय, टेबलावर ठेवला की धप्प आवाज आला पाहिजे असा. बाहेरून जाड पारी, आत मटण, मशरूम, गाजर, सलगम वगैरे जमिनीखालचा माल आणि दाट काळपट ग्रेव्ही. डोक्यात चित्र असं आहे की टिनमधून काढून लाकडी फळीवर उभाच्या उभा ठेवायचा आणि सगळ्यांसमोर कापायचा.
आता प्रश्न. शॉर्टक्रस्ट (साधी खुसखुशीत पारी) मला जमते पण ती एवढं वजन पेलेल असं वाटत नाही, मग कुठली पारी करू? साध्या ओटीजीत होईल का? सगळीकडे स्टाउट बिअर सांगतात पण आमच्यातले दोघं दारूला अजिबात शिवत नाहीत. लार्ड (डुकराची चरबी) पण मिळेलसं दिसत नाही. आणि वरती रून्स (जुन्या युरोपातली कोरीव अक्षरं) हव्यातच, त्याशिवाय कशाला एवढा खटाटोप.

कढईकाठ
पारीचं उत्तर सोपं आहे, हॉट वॉटर क्रस्ट. पण त्याआधी एक ठरव, कारण तू दोन वेगळे पाय एकात मागतोयस. जो पाय टिनशिवाय स्वतःच्या पायावर उभा राहतो त्याच्यात ग्रेव्ही नसते. त्यात कच्चं बारीक चिरलेलं मांस, बहुतेक वेळा पोर्क, घट्ट दाबून भरतात, भाजताना ते आकसतं, मग झाकणाच्या भोकातून गरम स्टॉक ओततात, तो थंड झाला की त्याची जेली होते आणि पाय गारच खातात. इंग्लंडमधल्या मेल्टन मोब्रेचा पोर्क पाय असाच, रिंग न लावता भाजतात म्हणून त्याच्या बाजू पोट सुटल्यासारख्या बाहेर येतात. दुसरा प्रकार म्हणजे शिजवलेल्या रश्श्याचा गरम पाय, त्याला भाजताना टिनचा आधार लागतोच. तुला काळी ग्रेव्ही हवीय म्हणजे दुसरा. पारी मात्र पहिल्याची वापर, म्हणजे बाहेर काढल्यावर फळीवर उभा राहील.

२० सेंमीच्या स्प्रिंगफॉर्म टिनला (ज्याची बाजूची रिंग सुटते तो) माप सांगते. मैदा ५०० ग्रॅम, मीठ दीड चमचा, फॅट २०० ग्रॅम, पाणी २२० मिली. लार्ड नाही तर अर्धं बटर अर्धं व्हेजिटेबल शॉर्टनिंग घे, नुसतं बटर घेतलंस तर चव छान येते पण पारी जरा ठिसूळ होते, शिवाय बटरमध्ये पाणी असतंच त्यामुळे मग वरचं पाणी दोनेक चमचे कमी कर. पाणी आणि फॅट एकत्र उकळायचं, उकळी फुटली की लगेच मैद्यावर ओतायचं, लाकडी चमच्याने ढवळायचं आणि हात लावण्याइतपत झालं की मळायचं. गरम पाण्याने मैद्यातला स्टार्च थोडा शिजतो, म्हणून कोमट असेपर्यंत पीठ मऊ राहतं, हवं तसं वळतं, आणि गार झालं की आकार धरून बसतं. म्हणून रमतगमत करायचं काम नाही हे, झाकणाचा गोळा ओल्या फडक्याखाली ठेव नाहीतर लाटताना कडा फाटतात. दोन भाग तळ आणि भिंतीला, एक भाग झाकणाला. जाडी साधारण अर्धा सेंमी. टिनच्या तळाच्या कोपऱ्यात बोटाने नीट दाबून घे, गळती लागते ती तिथेच, आणि चीर दिसली तर पिठाचा तुकडा पाणी लावून चिकटवून टाक, लाज नाही त्यात.

रात्रपाळी
माझं मत जरा वेगळं. ड्वार्फ म्हणजे कोण, खाणीत राबणारी माणसं. मग खऱ्या खाणकामगारांचा पाय बघा की, कॉर्निश पेस्टी! इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलच्या कथील आणि तांब्याच्या खाणीत लोक हेच घेऊन उतरायचे, कागदात नाहीतर कापडात गुंडाळून. बीफ, बटाटा, स्वीड (सलगमसारखं कंद) आणि कांदा, सगळं कच्चंच भरायचं आणि मुरड घालून सावकाश भाजायचं, मसाला म्हणजे मीठ मिरी बस. कोपऱ्यावर ज्याच्या त्याच्या नावाची अक्षरं पण काढायचे म्हणे, म्हणजे तुमच्या रून्सची सोय झाली, प्रत्येक कॅरेक्टरच्या नावाची एकेक पेस्टी. २०११ पासून युरोपात त्या नावाला संरक्षण आहे, मुरड बाजूलाच हवी, मांस इतकं टक्के हवं असे नियम आहेत, पण तुम्ही घरी तिला ड्वार्फ पेस्टी म्हणा, कोण विचारतंय. मोठा पाय कापताना पहिला तुकडा हमखास ढासळतो, ती भानगडच नाही.

फासेवाला
@रात्रपाळी अक्षरांची आयडिया भारी आहे पण धप्प आवाज जाईल ना राव. पेस्टी म्हणजे डबा झाला, मला मेजवानी हवीय. @कढईकाठ ताई, दुसराच प्रकार फिक्स. आता सारण सांगा.

कढईकाठ
मटण १ किलो, बोनलेस, पण मांडीचं नको, खांदा किंवा गुडघ्याखालचं (शँक) घे. त्यात जे चिवट पांढरं असतं तेच हळू शिजून जिलेटिन होतं आणि ग्रेव्हीला अंगचा दाटपणा येतो. तुकडे मोठे ठेव, इंचभर तरी, आकसतात. कोरडे पुसून थोडे थोडे करून खमंग परत, सगळे एकदम टाकलेस की पाणी सुटून उकडतात. मग त्याच भांड्यात कांदा, गाजर, सलगम, ३ मोठे चमचे मैदा घालून परतायचं, साधारण पाऊण लिटर स्टॉक, थाइम, तमालपत्र, भरपूर मिरी, आणि मंद आचेवर दोन अडीच तास. तुकडा चमच्याने तुटला पाहिजे. चमचा भांड्याच्या तळावरून फिरवला की रेघ दोन क्षण तशीच दिसली पाहिजे, लगेच भरून आली तर अजून आटव.

आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, सारण पूर्ण गार झाल्याशिवाय पारीत घालू नकोस. गरम घातलंस की फॅट वितळतं, तळ ओला होतो आणि मग कितीही भाज, लगदाच. आदल्या दिवशी कर, पसरट भांड्यात काढ म्हणजे लवकर निवेल, दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेलं पाहिजे. सकाळी ते जेलीसारखं थिजलेलं असेल, चमचा उभा राहील इतकं. भरायला पण सोपं जातं, आणि ओव्हनमध्ये परत पातळ होतं म्हणून कापल्यावर ग्रेव्ही दिसते.

चिमूटभर
स्टाउटबद्दल. "शिजवली की दारू उडून जाते" असं कोणी सांगेल तर त्या दोघांच्या बाबतीत त्यावर विसंबू नका. अमेरिकन कृषी खात्याचे आकडे आहेत, १५ मिनिटं शिजवल्यावर साधारण ४० टक्के उरते, तासाभराने २५ आणि अडीच तासांनी पण ५ टक्के. थोडीच, पण शून्य नाही. शिवायचंच नाही म्हणत असतील तर घालूच नका आणि विचारल्याशिवाय तर नाहीच नाही. स्टाउट काय देते, तर करपट कडवटपणा आणि किंचित आंबटगोड. ते दुसऱ्या वाटेने आणता येतं, कांदा अगदी गडद होईपर्यंत परता, अर्धा कप साखर न घातलेली काळी कॉफी, चमचाभर ब्राऊन शुगर, एक चमचा व्हिनेगर शेवटी. कॉफी जास्त नको नाहीतर पायाला कॅफेचा वास येईल. रंग पण मस्त काळा येतो.

मशरूम रश्श्यात शिजवू नका प्लीज. वेगळ्या तव्यावर मोठ्या आचेवर, आधी तेल न घालता, पाणी सुटून सुकेपर्यंत परता, मग थोडं बटर आणि मीठ, आणि गार सारणात मिसळा. नाहीतर त्यांचं सगळं पाणी पायात उतरतं आणि तुमची ती रेघ बिघ सगळी वाया. २५० ग्रॅम भरपूर झाले.

फासेवाला
कॉफी!! हे कधीच सुचलं नसतं. ओटीजीचं राहिलं, माझा छोटा आहे, वरचा रॉड जवळ येतो आणि झाकण आधी काळं पडतं.

कढईकाठ
सगळ्यात खालचा रॅक, दोन्ही रॉड चालू, ट्रे आत ठेवूनच २२० डिग्रीला चांगला तापव आणि टिन त्या तापलेल्या ट्रेवर ठेव म्हणजे तळाला लगेच आच लागते. २० मिनिटांनी १८० वर आण आणि अजून ५० मिनिटं ते तासभर. झाकण हवं तेवढं लाल झालं की वरून फॉइल सैल टाक. ट्रे काठाचा घे, एखादवेळी ग्रेव्ही उतू येते. झाकणाला मधोमध बोटभर रुंदीचं भोक ठेव, त्यातून ग्रेव्ही बुडबुडताना दिसली म्हणजे आतपर्यंत गरम झालं. थर्मामीटर असेल तर मधे ७५ डिग्री बघ. बाहेर काढल्यावर अर्धा तास हात लावू नकोस, मग कडेने सुरी फिरवून रिंग सोडव. कितीही भूक लागली तरी.

तिसरा_प्रहर
रून्सवाला माणूस हजर 🙋 कोरू नका, चिकटवा. कोरलेलं भाजताना बुजतं आणि खोल गेलं तर झाकण तिथूनच फुटतं. उरलेलं पीठ पातळ लाटून सुरीने अर्ध्या सेंमीच्या पट्ट्या कापायच्या. जुन्या फुथार्कमध्ये (रून्सची सगळ्यात जुनी वर्णमाला) २४ अक्षरं आहेत आणि जवळजवळ सगळी सरळ रेघांची, लाकडावर दगडावर कोरायची लिपी ना ती, त्यामुळे पट्ट्या जोडून आरामात बनतात, गोलाई काढत बसावं लागत नाही. झाकणाला आधी फेटलेलं अंडं लावा, त्यावर अक्षरं, मग अक्षरांवर नुसतं पिवळं बलक थोडं दूध घालून. त्यामुळे अक्षरं गडद दिसतात आणि मागचं फिकट. भोकाच्या भोवती गोल लिहिलंत तर ढालीसारखं दिसतं. फक्त काय लिहिताय ते आधी कागदावर काढून बघा, आमच्याकडे एकाने ग्रुपचं नाव उलटं चिकटवलं होतं आणि ते डीएमने (गेम चालवणाऱ्याने) शाप म्हणून गेममध्ये घेतलं.

फासेवाला
😂😂 हे मी मुद्दाम करणारे. शनिवारी रात्री सारण, रविवारी सकाळी पारी. शेवटचा प्रश्न, भरून झाकण लावलेला पाय कच्चाच फ्रिजमध्ये ठेवून संध्याकाळी भाजला तर चालेल?

कढईकाठ
चार पाच तास चालेल, सारण गार असेल तर. उलट पारी अजून घट्ट होते. अंडं मात्र भाजायच्या आधीच लाव, आणि फ्रिजमधून थेट जातोय म्हणून १० मिनिटं जास्त धर. टिन काचेचा नाही ना? थंडगार काच तापल्या ट्रेवर ठेवू नकोस.

रात्रपाळी
पीठ उरलं तर एक पेस्टी करा हो माझ्या नावाने.