शब्दचर्चा: ग्राहकांची माहिती स्थलांतरित होते, वर्ग होते की उतरवून घेतली जाते?

मूळ प्रश्न, पुणे

येवल्यातल्या एका पैठणीच्या दुकानासाठी मी मराठीतून कामाची पुस्तिका लिहिते आहे. वाचणाऱ्या आहेत काउंटर सांभाळणाऱ्या तिघी मुली. ग्राहकांची नावं, फोन, ईमेल, कुणी काय घेतलं, कुणी नुसती चौकशी करून गेलं, हे सगळं दुकानाच्या सीआरएममध्ये, म्हणजे ग्राहकांच्या नोंदी ठेवायच्या प्रणालीत, आहे. तिथून ते ईमेल पाठवायच्या सेवेत, म्हणजे मेलचिंपमध्ये, न्यायचं आहे. ११,००० च्या आसपास नोंदी आहेत.

पहिल्याच मथळ्याला अडले. ‘ग्राहक-माहितीचे स्थलांतर’ असं लिहिलं होतं. वाचून एकीने विचारलं, “म्हणजे ताई, आपल्या यादीतून ही नावं जाणार का?” तिचा प्रश्न अगदी बरोबर होता. ऊसतोडीला स्थलांतर करणारं कुटुंब घराला कुलूप लावून जातं. रोहित पक्षी उजनीवर आले की ते तेवढा काळ दुसरीकडे नसतात. स्थलांतरात मूळ जागा रिकामी होणं आलंच. इथे सीआरएममधलं एक नावही हलत नाही.

मग ‘वर्ग करणे’ लिहून पाहिलं. ते ऐकायला आपलं वाटतं, पण बरोबर आहे का? शिवाय सबस्क्रायबर, अनसबस्क्राइब, डुप्लिकेट आणि ज्यांना मेल पाठवायचाच नाही अशांची यादी, यांनाही शब्द हवे आहेत. शब्द असे हवेत की मुलींना ते वाचून काय करायचं ते कळावं. शुद्ध पण कोरडे शब्द माझ्याकडे भरपूर आहेत.

सांगलीहून उत्तर

ताई, ‘वर्ग’ घेऊ नका. पतसंस्थेत ३० वर्षे हिशेब लिहिले, हा शब्द रोज हातातून गेला आहे. बचत खात्यातून रक्कम कर्ज खात्यात वर्ग केली, की बचत खाते तेवढ्याने कमी झालेच पाहिजे. खटला एका न्यायालयातून दुसऱ्याकडे वर्ग होतो, तेव्हा पहिल्या न्यायालयात तो चालत नाही. एका ठाण्यात नोंदलेला गुन्हा दुसऱ्या ठाण्याकडे वर्ग होतो, तेव्हा तपास दुसरे ठाणे करते. तुमच्या मुलीला ‘स्थलांतर’ शब्दाने जी शंका आली, तीच ‘वर्ग’ने येईल. ‘हस्तांतर’ तर त्याहून वेगळे, त्यात मालकी बदलते.

तुम्हाला हवी ती क्रिया आमच्या वह्यांत होती. तिचे नाव खतावणी. दिवसभराचा व्यवहार रोजकीर्दीत क्रमाने लिहायचा आणि मग तोच व्यवहार खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्याखाली मांडायचा. कीर्द जागेवर राहते. खतावणीत मजकूर तोच असतो, मांडणी वेगळ्या कामासाठी वेगळी असते. सीआरएम म्हणजे कोण कधी आले आणि काय बोलले याची कीर्द. मेलची सेवा म्हणजे कोणाला काय पाठवायचे याची खतावणी.

या शब्दासोबत तुम्हाला तपासणीचा शब्दही फुकट मिळतो: तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या बेरजांचा ताळा. खतावणी झाली की तेरीज जुळवायची, त्याशिवाय वही मिटायची नाही. आमच्याकडे संगणक आला तेव्हा सगळी खाती हाताने त्यावर चढवली. पहिल्या रात्री बेरजेत २७० रुपयांचा फरक आला. आमचे जुने हेडक्लार्क म्हणाले, आधी नऊने भागून बघा. भाग गेला. नऊने भाग जाणारा फरक आला की पहिला संशय हा, की कुठे तरी शेजारचे दोन आकडे उलटे पडले आहेत. ५८० चे ८५० झालेले एक खाते साडेअकरा वाजता सापडले, मगच आम्ही घरी गेलो.

तुमची तेरीज सोपी आहे. सीआरएममधून निघालेल्या नोंदी एकीकडे. दुसरीकडे चढलेल्या, दुबार म्हणून एकत्र झालेल्या आणि चुकीच्या पत्त्यामुळे नाकारलेल्या, या तिन्हींची बेरीज. दोन्ही बाजू सारख्या येईपर्यंत कोणालाही मेल जाऊ देऊ नका.

मूळ लेखिका

काका, ‘तेरीज’ आजच पुस्तिकेत घेतला. तिघींपैकी एक मराठी माध्यमातून बी. कॉम. झाली आहे. तिने शब्द बघताच बाकीच्या दोघींना समजावून सांगितला, मला काही बोलावंच लागलं नाही.

मथळ्यासाठी मात्र खतावणी थोडी जड होईल. ‘माहिती उतरवून घेणे’ कसं वाटतं? फळ्यावरचं आपण वहीत उतरवून घेतो, तेव्हा फळा पुसला जात नाही. पण नुसतं ‘उतरवणे’ नको. विमा उतरवतात, दृष्ट उतरवतात, आणि ट्रकमधून माल उतरवला की ट्रक रिकामा होतो. ‘घेणे’ हे सहायक क्रियापद लागलं की अर्थ नेमका होतो.

कोल्हापूरहून उत्तर

उतरवून घेणे उत्तम, कारण त्याच्याच घरातला ‘उतारा’ प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे. सातबारा म्हणजे गाव नमुना ७ आणि १२. मूळ अभिलेख सरकारकडे असतो, आपल्या हातात उतारा येतो. मूळ नोंद बदलली तरी कपाटातला उतारा बदलत नाही. म्हणून बँक अलीकडचा उतारा मागते. तुमच्या मुलींना एवढं सांगा, की मेलच्या सेवेतली यादी हा त्या दिवशीचा उतारा आहे. उद्या कुणी दुकानात येऊन ईमेल बदलून घेतला, तर तो बदल आपोआप तिकडे जाणार नाही. दोन्हीकडे जोडणी केली असेल तरच जाईल. त्या सततच्या जोडणीला मी ‘ताळमेळ राखणे’ म्हणेन, उतारा नाही.

अनसबस्क्राइबला तर शब्द तयार आहे: नाव कमी करणे. लग्न झालेल्या मुलीचं नाव रेशनकार्डावरून कमी करतात. वाटणीनंतर सातबारावरून नाव कमी होतं. ‘सदस्यत्व रद्द करा’ वाचलं की आपण कधी सदस्य झालो होतो, हाच प्रश्न पडतो.

आणि एक महत्त्वाची गोष्ट. हस्तलिखित सातबारा पाहिलाय ना? कमी झालेलं नाव खोडून नाहीसं करत नाहीत. त्या नावाला कंस करतात. नाव होतं, ते कमी झालं, कोणत्या फेरफाराने झालं, हे सगळं दिसत राहतं. मेल नको म्हणणाऱ्यांची यादी अशीच जपायला हवी. ते नाव पूर्ण पुसलं, तर पुढच्या वेळी सीआरएममधून उतरवून घेताना ते नवं म्हणून पुन्हा चढेल आणि त्या बाईंना पुन्हा मेल जाईल. म्हणून त्या यादीला ‘कंसातली नावं’ म्हणा.

डुप्लिकेटला ‘दुबार’ पुरे. दुबार पेरणी, दुबार मतदार, सगळ्यांच्या तोंडी आहे.

मूळ लेखिका

कंसाची गोष्ट वाचून मी थांबले. दोन वर्षांपूर्वी माझ्या एका शब्दामुळे झालेली चूक अजून मनातून गेलेली नाही. ती इथे लिहिते, शब्द निवडणाऱ्यांना उपयोगी पडेल.

मेलचिंपमध्ये पत्त्यांच्या चार अवस्था दिसतात: सबस्क्राइब्ड, अनसबस्क्राइब्ड, नॉन-सबस्क्राइब्ड आणि क्लीन्ड. चौथीत ते पत्ते जातात, ज्यांच्यावर पाठवलेले मेल पोचले नाहीत म्हणून सेवेने स्वतःच बाजूला काढले. यादी बाहेर काढली की वेगवेगळ्या अवस्थांच्या वेगवेगळ्या फाइली मिळतात. तेव्हा एका दुसऱ्या दुकानासाठी मी या शब्दांचं मराठी केलं होतं आणि ‘क्लीन्ड’पुढे लिहिलं होतं: ‘साफ केलेले पत्ते’.

तांदूळ साफ केले म्हणजे तांदूळ उरले, खडे गेले. कचरा साफ केला म्हणजे कचराच गेला. ‘साफ केलेले’ या एकाच रूपात राहिलेलं आणि गेलेलं, दोन्ही बसतं, हे माझ्या लक्षात आलं नाही. तिथल्या मुलाने तांदळाचा अर्थ घेतला. साफ केलेले पत्ते म्हणजे तपासलेले, चांगले पत्ते, असं समजून त्याने ती फाइल सीआरएममध्ये परत भरली. तिथून ती नव्या मेल-सेवेत गेली आणि सणाचा मेल सुटला. तासाभरात शेकडो मेल परत आले आणि सेवेने खातं थांबवलं. ऐन दसऱ्याच्या आठवड्यात त्या दुकानाचा एकही मेल गेला नाही. मुलाला बोलणी बसली. चूक माझ्या शब्दाची होती, हे मी मालकांना सांगितलं, पण उशिरा.

आता तो शब्द ‘परत आलेले’ असा केला आहे. पोस्टमन पाकिटावर शेरा मारून आणतो, तसेच मेलचे शेरे असतात. चारने सुरू होणारा आकडा आला तर अडचण तात्पुरती आहे, मेलबॉक्स भरलेला असेल किंवा समोरचा सर्व्हर गडबडीत असेल. ते झालं ‘घर बंद’. पाचने सुरू होणारा आला, म्हणजे बहुतेक वेळा ५५०, तर ते ‘या पत्त्यावर असा इसम राहत नाही’. घर बंद असलेल्याकडे परत जाता येतं, दुसऱ्याकडे जायचं नाही.

हे आता पूर्वीपेक्षा जास्त महत्त्वाचं झालंय. दिवसाला ५,००० च्या वर मेल जीमेलच्या पत्त्यांवर पाठवणाऱ्यांसाठी गूगलने फेब्रुवारी २०२४ पासून नियम कडक केले. नाव कमी करण्याची सोय एका क्लिकमध्ये हवी, सांगितल्यापासून दोन दिवसांत ते कमी व्हायला हवं, आणि ‘हा स्पॅम आहे’ अशा तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली राहायला हव्यात. म्हणजे हजार मेलमागे तिघींनी तक्रार केली की मर्यादा गाठली. ११,००० ची यादी एकाच दिवशी पाठवायची म्हटलं आणि त्यातले ५,००० च्या वर पत्ते जीमेलचे निघाले, तर येवल्याचं दुकानसुद्धा या नियमात येईल.

नाशिकहून उत्तर

‘कंसातली नावं’ चांगलं आहे, तरी मी ‘वर्ज्य’ सुचवते. गाणं शिकवते म्हणून सुचलं. भूपात मध्यम आणि निषाद वर्ज्य आहेत. गाणारीला ते स्वर येत नसतात असं नाही, ते घ्यायचे नाहीत हे तिला पक्कं माहीत असतं. पाठवू नये अशांची यादी जवळ ठेवण्यामागेही हाच विचार आहे ना?

फ्रँकफर्टहून उत्तर

मी इथे मेल पाठवण्याच्याच कामात आहे. शब्द सुंदर येताहेत, पण मला ‘सबस्क्रायबर’बद्दल बोलायचं आहे. ‘वर्गणीदार’ चालणार नाही, कारण वर्गणी म्हणजे पैसे, मग ती मासिकाची असो की गणपतीची. इथे माणूस पैसे देत नाही, परवानगी देतो. कायद्याचा शब्द ‘संमती’ आहे, पण पुस्तिकेत तुम्ही ‘होकार’ लिहा. स्थळाला होकार आला की नाही, हे घरातलं प्रत्येक माणूस विचारतं. गप्प बसणं म्हणजे होकार, असं तिथे आता कुणी धरत नाही. इथेही धरायचं नाही.

युरोपचा जीडीपीआर, म्हणजे वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा, २५ मे २०१८ ला लागू झाला. त्यात गप्प राहणं किंवा आधीच टिक केलेली चौकट, यांना संमती मानत नाहीत. जर्मनीत तर दोनदा होकार घेण्याची रीत आहे. आधी पत्ता भरायचा, मग त्या पत्त्यावर आलेल्या मेलमधला दुवा दाबायचा. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही संमती ठरावीक कारणासाठी आणि स्पष्ट कृतीतून दिलेली हवी, आणि ती मागे घेणं देण्याइतकंच सोपं हवं.

म्हणून उतरवून घेताना होकाराचा वेगळा रकाना हवा: कधी दिला, कुठे दिला, कशासाठी दिला. बिल मेलवर मागवणाऱ्या बाईंनी बिलासाठी पत्ता दिला आहे. फॉल-पिको झाला की कळवा म्हणून दिलेला पत्ताही त्याच कामापुरता आहे. नव्या पैठण्यांच्या जाहिरातीला होकार म्हणून तो उतरवून घेता येणार नाही. सीआरएममधलं बाकी सगळं उतरतं, न दिलेला होकार कुठून उतरणार?

मूळ लेखिका

हे वाचून यादी पुन्हा चाळली. जवळजवळ निम्म्या नोंदींत होकार कुठे दिसत नाही. मालकांशी बोलले. त्या नावांना आधी दुकानातून फोन करून विचारायचं ठरलं आहे, तोवर ती सीआरएममध्येच राहतील. त्यांनी लगेच मान्य केलं, याचं मला फार बरं वाटलं.

तर आता चार अवस्था अशा लिहिल्या आहेत: होकार दिलेले, नाव कमी केलेले, होकार न घेतलेले, परत आलेले. दुसऱ्या आणि चौथ्या अवस्थेची मिळून ‘वर्ज्य यादी’. ‘कंसातली नावं’ मला मनापासून आवडलं होतं, पण मुलींपैकी दोघींनी सातबारा कधी हातात घेतलेला नाही. वर्ज्य त्यांना उपासामुळे लगेच कळलं.

सीआरएममधला कोणता रकाना मेलच्या सेवेतल्या कोणत्या रकान्यात जायचा हे ठरवण्याला, म्हणजे ‘फील्ड मॅपिंग’ला, ‘रकाने जुळवणे’ केलं आहे आणि त्याखाली दोन खबरदाऱ्या ठळक टाकल्या आहेत. एक, आपल्याकडे बिलावर आडनाव आधी लिहायची सवय आहे. पूर्ण नाव एकाच रकान्यात असेल आणि त्यातला पहिला शब्द नाव म्हणून उचलला गेला, तर शंभर जणींना ‘नमस्कार पाटील’ असा मेल जातो. दुसरी, तारखा. ०४/०५ हे आपलं ४ मे, अमेरिकी रीतीने वाचलं तर ५ एप्रिल. वाढदिवसाच्या शुभेच्छा महिनाभर आधी गेल्या तर त्या न गेलेल्या बऱ्या. देवनागरी नावं असलेली फाइल यूटीएफ-८ या अक्षर-संकेतातच जतन करायची, नाहीतर नावांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात, हेही लिहिलं आहे.

‘टॅग’ला शब्द सापडत नव्हता. ‘खूणचिठ्ठी’, ‘ओळखचिन्ह’ असं काही लिहून खोडत होते. काल दुकानात गेले, तर त्यातली एक दुसरीला सांगत होती, “या बाईंना सेमीची चिठ्ठी लावून ठेव, आणि लग्नाचीपण.” पैठणीच्या घडीला दोऱ्याने किमतीची चिठ्ठी बांधतात, तीच तिच्या डोळ्यापुढे होती. पुस्तिकेत ‘चिठ्ठी लावणे’ असं लिहून टाकलं.