शिशाची रंगीत खनिजं: पहिला नमुना कोणता घ्यावा? (इंदूर)

माळवी_गारगोटी
नमस्कार मंडळी. रामबागेत राहतो. संग्रह सगळा जळगाव-नाशिककडचा, स्टिलबाइट, ॲपोफिलाइट वगैरे. पांढरं नि फिकं गुलाबी बघून डोळे विटले. आता लाल-केशरी हवंय: व्हॅनाडिनाइट, वुल्फेनाइट की क्रोकोइट? बजेट बेताचं. घरात चार वर्षांची लेक आहे, कपाट पश्चिमेच्या खिडकीसमोर.

दगडफोड्या
व्हॅनाडिनाइट, डोळे मिटून. मोरोक्कोच्या मिब्लादेनमधून भरपूर येतं, त्यामुळे नखाएवढा चांगला नमुना आवाक्यात बसतो. बुटके, षटकोनी, लालभडक स्फटिक. पांढऱ्या बराइट खनिजावर असतील तर दुधात साखर. घेताना बुडाशी यूव्ही (अतिनील) टॉर्च मारायला सांगा. चिकटवलेलं असेल तर गोंद बहुतेक वेळा चमकतो.

बडोदेकरीण
मी वुल्फेनाइटवाली. ॲरिझोनाच्या रेड क्लाउड खाणीतलं लाल परवडायचं नाही, पण मेक्सिकोतलं केशरी-पिवळं बघा. पापडासारखे पातळ चौकोन, उजेडात धरले की बघत राहावं.

दगडफोड्या
ताई, ते पापड कुरिअरने इंदूरला अख्खे पोचले तर कळवा :)

जुना_भूशास्त्री
क्रोकोइट तूर्त सोडा. खरं तर माझं लाडकं तेच. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ वोकलँने 1797 मध्ये क्रोमियम शोधलं ते रशियाहून आलेल्या क्रोकोइटमध्येच. टास्मानियातल्या डंडासच्या केशरी कांड्या तर अप्रतिम. पण महाग, कडक म्हणाल तर मोह्स मापावर (1 ते 10) जेमतेम 2.5 ते 3, आणि आहे शिशाचं क्रोमेट, म्हणजे शिशासोबत क्रोमियमचंही विष. लहान मुलीच्या घरात नकोच.

शिसं तिन्हींत आहे हो. झाकणाची डबी, वरचा कप्पा, हाताळलं की साबणाने हात धुवायचे. तासणं-घासणं अजिबात नाही, धूळ उडते. स्टिलबाइटवरचे गंजाचे डाग आपण ऑक्झॅलिक ॲसिडने काढतो, ती सवय इथे विसरा. नमुना खराब होईल.

आणि ती खिडकी! व्हॅनाडिनाइट उजेडात हळूहळू काळवंडतं. आधी कपाट हलवा. हातात घ्याल तेव्हा वजनाने दचकाल, घनता 7 च्या जवळपास, स्टिलबाइटच्या तिप्पट.

माळवी_गारगोटी
मग व्हॅनाडिनाइटच. कपाट हलवायची परवानगी सौ.कडून काढतो. बराइटवरचे स्फटिक सुटे होऊन पडतात का हो? डबीत खाली काय अंथरता?