शंकरपटाच्या (बैलजोडीच्या शर्यतीच्या) व्हिडिओत धुरळा उडला की मास्क जोडी सोडून देते, काय करावं?

साकोली_पटवाला:
नमस्कार भाऊ लोक. पटाचा सीझन सुरू झाला अन् मी दाविंची रिझॉल्व्ह ह्या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या फ्री वर्जनवर व्हिडिओ एडिट करून राहिलो. जोडीभोवती पॉवर विंडो (मास्क, म्हणजे निवडलेल्या भागाची चौकट) काढतो अन् बाकीचं थोडं डार्क करतो, म्हणजे पाहणाऱ्याची नजर बैलावरच राहते. विंडो जोडीच्या मागं आपोआप सरकावी म्हणून ट्रॅक फॉरवर्ड दाबलं की सुरुवातीले बरोबर चालते, मंग जोडी सुटली की धुरळा उडते अन् विंडो त्याच्यामागंच जाते, नाही तर बाजूच्या पब्लिकवर जाऊन बसते, कधी एकदम वाकडीतिकडी होऊन अख्खी फ्रेम व्यापते. हातानं फ्रेम-फ्रेम सरकवत बसलं तर एका दौडीतच अर्धी रात्र जाते. ज्याची जोडी पहिली येते त्याच्या घरचे लोक वर्षभर तो व्हिडिओ पाहतात, म्हणून मले हे नीटच करून द्यायचं हाये. कोणाले माहीत असन तर सांगजा.

वडसा_एडिटर:
अख्ख्या जोडीवर विंडो काढत असान तर पायाखालचा धुरळाही आतमंदी येते. क्लाउड ट्रॅकर (विंडो सरकवणारं टूल) विंडोच्या आत जे ठळक दिसते ते सगळंच पकडते, म्हणून धुरळा सरकला की तोही सरकते. बारकी विंडो काढा, फक्त शिंगं अन् कपाळ, नाही तर धुरकऱ्याच्या (जोडी हाकणाऱ्याच्या) डोक्याले लाल दुपट्टा असन तर तोच घ्या, उन्हात तो सगळ्यात उठून दिसते. ट्रॅकरमंदी पॅन (आडवं सरकणं), टिल्ट (खाली-वर सरकणं) ठेवा, जोडी कॅमेऱ्याकडं येत असन तर झूम पण ठेवा, रोटेट अन् थ्रीडीची टिक मात्र काढून टाका, वाकडंतिकडं बहुतेक त्याच्यानंच होते. ट्रॅक झाला की क्लिप मोडमंदीच (त्यात बदल अख्ख्या क्लिपले लागते) विंडो मोठी करून पूर्ण जोडीवर बसवा, ट्रॅक तोच राहते. अन् पहिल्या फ्रेमपासूनच सुरू करायची गरज नाही, जोडी जिथं साफ दिसते तिथं थांबा, तिथून एकदा पुढं अन् एकदा मागं ट्रॅक करा.

तुमसर_कॅमेरा:
शूटिंग मोबाईलवर हाये का? मोबाईल बरेचदा व्हेरिएबल फ्रेम रेटनं (सेकंदाले फ्रेम कमी-जास्त होतात) रेकॉर्ड करते, असा क्लिप आधी हँडब्रेक ह्या व्हिडिओ कन्व्हर्टरमधून कॉन्स्टंट (एकसारखा) करून घेतलेला बरा. अन् शटर स्पीड पाहा भाऊ. १/५० सेकंदावर पळती शिंगं नुसती पुसल्यासारखी येतात, ट्रॅकरनं पकडावं तरी काय? दुपारच्या उन्हात कॅमेऱ्याच्या प्रो मोडमंदी १/५०० किंवा त्याहून फास्ट आरामात जमते.

गोंदिया_रील्स:
रिझॉल्व्हचा मॅजिक मास्क (आपोआप मास्क काढणारं टूल) वापरा ना, एक रेघ ओढली की झालं.

वडसा_एडिटर:
तो पैशाच्या स्टुडिओ वर्जनमंदीच हाये, ह्यांचं फ्री हाये. अन् दाट धुरळ्यात बैलाची कडाच दिसत नसन तर त्यालेही हातानं सुधारावंच लागते.

साकोली_पटवाला:
दुपट्ट्यावर लावून पाहिलं, लय फरक पडला, धन्यवाद भाऊ! आता एकाच जागी अडून राहिलं. झेंडीवाला (झेंडी दाखवणारा माणूस) मधात आडवा येते अन् तेवढ्यात विंडो त्यालेच धरून पळते.

वडसा_एडिटर:
खाली ट्रॅकरच्या ग्राफवर जिथं रेषा एकदम उडी मारते तेवढाच भाग माउसनं सिलेक्ट करा, तीन टिंबांच्या मेनूत क्लिअर सिलेक्टेड ट्रॅक डेटा करा. मंग फ्रेम मोड लावा, झेंडीवाला येण्याआधीच्या फ्रेमवर विंडो जागेवर बसवा अन् तो गेल्यावरच्या फ्रेमवर परत बसवा, मधातलं ते स्वतःच भरून घेते. जोडी तेवढ्यात सरळच पळत असते, म्हणून फरक दिसत नाही. काम झालं की क्लिप मोडवर परत या, नाही तर पुढं आकार बदलाल तर तो तेवढ्याच फ्रेमले लागन.