बाबांना शेतावरची बर्बन डिस्टिलरी दाखवावी का?

शिकागोकर:
नमस्कार. आमचे बाबा पुढच्या महिन्यात आमच्याकडे येत आहेत. त्यांची सगळी नोकरी सहकारी साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत गेली, त्यामुळे मळीचा विषय निघाला की ते रंगून जातात. स्वतः मात्र क्वचितच घेतात. केंटकीतल्या नावाजलेल्या मोठ्या डिस्टिलरींऐवजी, स्वतःच्या शेतात मका पिकवून तिथेच बर्बन, म्हणजे मुख्यतः मक्याची अमेरिकन व्हिस्की, तयार करणारी शेल्बीव्हिलची जेप्था क्रीड त्यांना दाखवावी, असे एका सहकाऱ्याने सुचवले. एवढ्या लांब जाण्यासारखे तिथे काय आहे, आणि बेताने पिणाऱ्या माणसाने टेस्टिंगला काय करावे, हे जाणकारांनी सांगावे.

ओहायोकाठचा:
अवश्य न्यावे, आणि तेही लहान ठिकाणीच; मोठ्या ठिकाणी काचेपलीकडून पाहून पुढे सरकावे लागते, इथे प्रश्न विचारायला सवड मिळते. बाबांना खरी गंमत पहिल्याच टप्प्यावर वाटेल. मळीत साखर आयती असते, यीस्ट घातले की किण्वन सुरू होते. मक्यात मात्र स्टार्च असतो, म्हणून तो दळून शिजवावा लागतो आणि तापमान उतरल्यावर त्यात मोड आणून वाळवलेले बार्ली, म्हणजे माल्ट, घालून त्यातल्या विकरांकडून साखर करून घ्यावी लागते. जेप्था क्रीडमध्ये 'ब्लडी बुचर' नावाचा गर्द लाल दाण्याचा जुना देशी मका वापरतात. उतारा संकरित वाणापेक्षा कमी, तरीही चवीसाठी ते तो पेरतात. किण्वनाच्या टाकीवर वाकून आंबूस वास घेताना बाबांना आपला कारखाना आठवल्याशिवाय राहणार नाही.

बर्बनचा कायदाही त्यांना आवडेल. धान्यात निदान 51 टक्के मका हवा, पिंप नव्या ओकचे आणि आतून जाळलेले हवे, पिंपात भरताना अल्कोहोल 62.5 टक्क्यांहून अधिक चालत नाही, आणि पाण्याखेरीज काही मिसळता येत नाही. रंग सगळा त्या कोळसा झालेल्या लाकडाचा.

जुना सभासद:
वरील मताशी सहमत आहे, परंतु 'लहान' आणि 'शेतावरची' या शब्दांवर सरसकट विश्वास ठेवू नये. अनेक नव्या कंपन्या आपला माल मुरेपर्यंत इंडियानातल्या मोठ्या कारखान्याची तयार व्हिस्की विकत घेऊन आपल्या नावाने बाटलीत भरतात. त्यात बेकायदा काही नाही, पण शेत पाहून आल्यावर दुसऱ्याच राज्यातली व्हिस्की चाखायची, हे मला तरी पटत नाही. लेबलवर ती कोणत्या राज्यात गाळली हे पाहावे, आणि वयही पाहावे: 'स्ट्रेट' म्हणजे पिंपात निदान दोन वर्षे, 'बॉटल्ड इन बाँड' म्हणजे निदान चार वर्षे आणि 50 टक्के अल्कोहोल. हा दुसरा कायदा 1897 सालचा, भेसळीला आळा घालण्यासाठी केलेला.

लुईव्हिलची मावशी:
टेस्टिंगमध्ये घोट इतके लहान असतात की बाबांनी संकोच करू नये, आणि नको असेल तर ग्लास ठेवून द्यावा, कोणी आग्रह करत नाही. वास घेताना तोंड किंचित उघडे ठेवावे, नाहीतर अल्कोहोल नाकात झोंबते. पहिल्या घोटाला फक्त तिखटपणा कळतो. दुसऱ्या घोटाच्या आधी दोन-चार थेंब पाणी घातले की व्हॅनिला आणि कॅरॅमल वर येते. जाताना भरपेट जेवून जा, आणि गाडी चालवणाऱ्याने काही घेऊ नये. शिकागोपेक्षा इथले घड्याळ एक तास पुढे असते, हे वेळ ठरवताना विसरू नका.

शिकागोकर:
सर्वांचे मनापासून आभार. बाटली भारतात नेता येईल का?

जुना सभासद:
येईल. प्रत्येकी दोन लिटरपर्यंत शुल्क लागत नाही. बाटली चेक-इन सामानात ठेवावी. 70 टक्क्यांहून अधिक अल्कोहोल असलेली मात्र विमानात चालतच नाही.