नवी शिडाची होडी आणि सोबतचे मित्र : पहिल्या फेऱ्यांचे अनुभव

मागच्या दिवाळीनंतर आम्ही चार मित्रांनी वर्गणी काढून एंटरप्राइज जातीची एक वापरलेली शिडाची होडी विकत घेतली. जॅक होल्ट यांनी १९५६ मध्ये या होडीचा आराखडा केला. लांबी सव्वातेरा फूट, एक मोठे शीड, पुढे एक लहान शीड आणि चालवायला दोन माणसे, असा तिचा संसार आहे. होडी चालवायला शिकवणारी पुस्तके आणि चित्रफिती भरपूर आहेत. परंतु वर्षानुवर्षे कट्ट्यावर एकमेकांची थट्टा करत आलेल्या मित्रांनी एकाच होडीत बसायचे कसे, हे त्यांत कुठेही सांगितलेले नाही. म्हणून हा धागा. शर्यतींच्या आणि पदकांच्या हकिगती तूर्त बाजूला ठेवाव्यात. होडी नवी असताना मित्रांबरोबर पाण्यावर काय घडले, तेवढेच कृपया सविस्तर लिहावे.

सुरुवात मीच करतो. आमची होडी पाण्याआधी कोथरूडमधल्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी राहिली, आणि तिथेच आमच्यात कामांची वाटणी झाली. डोलकाठी तीन तारांच्या आधारावर उभी राहते, दोन बाजूंना आणि एक पुढे. तार होडीला जोडणारी खीळ करंगळीएवढी असते आणि ती निसटू नये म्हणून तिच्या टोकात एक बारीक कडी ओवलेली असते. ही कडी चिकटपट्टीने गुंडाळावी लागते, कारण शिडाची दोरी तिच्यात अडकली तर कडी उलगडते, खीळ सुटते आणि काठी डोक्यावर येते. आमच्यातला जो मित्र हिशेबाच्या वहीतही समास आखतो, त्याच्याकडे आम्ही या कड्या सोपवल्या. दुसऱ्याकडे होडीच्या तळाचे बूच आले. ट्रॉली ढकलताना वर विजेच्या तारा नाहीत ना, हे पाहण्याचे काम तिसऱ्याकडे गेले. काठी ॲल्युमिनियमची असल्यामुळे हे काम दिसते तितके किरकोळ नाही. ज्याचे काम त्यानेच करायचे आणि इतरांनी सल्ला द्यायचा नाही, असे ठरले आहे. यातला दुसरा भाग पुण्यात पाळला जाणे किती अवघड आहे, हे वाचकांना सांगायला नको.

औंधहून :

आमची होडी सोळा फुटी असल्यामुळे तिच्यात तिघे बसतात, आणि खरी गंमत त्या तिसऱ्या माणसामुळेच होते. चैत्र-वैशाखात दुपार कलू लागली की पश्चिमेचा वारा घाट चढून मुळशीच्या पाण्यावर उतरतो. पण डोंगरांच्या सोंडांमुळे तो एकसारखा येत नाही. एखाद्या खिंडीच्या तोंडाशी जोराचा झोत मिळतो आणि पुढच्या सोंडेआड गेले की शीड लोंबू लागते. झोत येण्याआधी पाण्यावर बारीक लाटांचा गडद पट्टा पळत येताना दिसतो. तो ज्याला आधी दिसेल त्याने ओरडून सांगायचे, एवढे तरी आम्ही शिकून आलो होतो.

त्या दिवशी आम्ही वारा पाठीशी घेऊन परतत होतो. अशा वेळी मोठे शीड एका बाजूला पूर्ण उघडलेले असते आणि शिडाच्या मागच्या अंगाने वारा शिरला, तर शिडाखालचा आडवा दांडा, म्हणजे बूम, क्षणात दुसऱ्या बाजूला फिरतो. सुकाणूवरच्या मित्राला डावीकडचा काठ गाठायचा होता. दुसऱ्याचे मत उजवीकडे जावे असे होते, आणि ते तो सकारण मांडत होता. त्याला उत्तर देण्यासाठी सुकाणूवाल्याने मान वळवली, मानेबरोबर हातही वळला, आणि बूम आमच्या तिघांच्या डोक्यांवरून गेला. मी वाकलो, चष्मा वाकला नाही; तो मुळशीच्या तळाशी आहे. होडी उलटली नाही, कारण झोत तोवर ओसरला होता.

काठावर आल्यावर बराच वाद झाला. सुकाणूवरच्या माणसाचा शब्द परत काठाला लागेपर्यंत अखेरचा, आणि सुकाणू प्रत्येक फेरीला बदलायचा, असे शेवटी ठरले. वळण्याआधी तो ‘तयार?’ असे विचारतो, दोघांकडून ‘तयार’ असे उत्तर आल्याशिवाय हात हलवत नाही, आणि मग ‘वळतोय’ म्हणून वळतो. मतभेद मिसळीच्या टेबलापर्यंत राखून ठेवायचे असतात. आमच्या मंडळीत सगळ्यांत कमी बोलणारा मित्र सुकाणूवर सगळ्यांत चांगला निघाला, आणि हे त्याच्याशिवाय सर्वांना आश्चर्याचे वाटले.

सहकारनगरहून :

आम्ही चौघी मैत्रिणी. चौघींनाही पोहता येते, पण तलावात पोहणे आणि धरणाच्या पाण्यात अचानक पडणे यांत फरक आहे, म्हणून होडी मुद्दाम उलटवण्याचा सराव पहिल्याच आठवड्यांत केला. शिडांच्या दोऱ्या सैल सोडायच्या, एकीने पोहत तळाच्या बाजूला जायचे, तळातून बाहेर आलेल्या फळीवर, म्हणजे सेंटरबोर्डवर, चढायचे आणि लहान शिडाची दोरी धरून मागे झुकायचे. दुसरी होडीच्या आतल्या अंगाला पाण्यात आडवी राहते आणि होडी सरळ होताना तीच तिला अलगद उचलून आत घेते. वाचताना हे सोपे वाटते. आमच्या बाबतीत होडी सरळ होईचना, कारण उन्हाळ्यात पाणी उतरलेले होते आणि काठीचे टोक तळाच्या काळ्या गाळात रुतले होते. काठीची पकड गाळातून हळूहळू सुटली, आणि नंतर तो गाळ शिडावरून धुवायला सगळी संध्याकाळ गेली. तेव्हापासून आम्ही सराव खोल पाण्यात करतो, लाईफ जॅकेटच्या पट्ट्या एकमेकींच्या तपासतो आणि ‘मला येते पोहता’ हे उत्तर कोणाचेही ऐकून घेत नाही.

माझ्या सासूबाईंना १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर आठवतो. त्या मला आजही पानशेतच्या बाजूला होडी नेऊ देत नाहीत आणि मीही तो विषय काढत नाही.

चिंचवडहून :

पवना धरण, पौष महिना, सकाळ. वारा नव्हता. दुपारपर्यंत नव्हता. ज्या मित्राने वल्ही घेण्याचा आग्रह धरला आणि ज्याची आम्ही वाटेत यथेच्छ टिंगल केली, त्याने परतताना एकही शब्द काढला नाही. फक्त वल्ही आमच्या हातात दिली आणि स्वतः गुळपोळी खात बसला.

धागाकर्ता :

मध्येच एक सूचना. कोणत्याही धरणात होडी उतरवण्यापूर्वी संबंधितांची परवानगी घ्यावी. खडकवासल्याला पीकॉक बे परिसर राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या छात्रांच्या नौकाशिक्षणाचा आहे. वाऱ्याने तिकडे नेले, ही सबब ऐकून घेतली जात नाही.

सिंहगड रस्त्यावरून :

आम्ही होडी रेवदंड्याच्या खाडीत नेली, म्हणून हा अनुभव थोडा वेगळा आहे. धरणावर पाणी जागेवर असते. खाडीत ते स्वतःच चालत असते. तिथल्या एका वयस्कर कोळीदादांनी होडी पाहून आधी तिथी विचारली. आम्ही मोबाईल काढेपर्यंत त्यांनी तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ तोंडी सांगितली. अष्टमी असल्यामुळे सहाच्या सुमारास. अष्टमीला भांगाची भरती असते, पाण्याची चढउतार कमी आणि ओढही कमी, म्हणून नवख्यांनी त्याच दिवसांत यावे, पुनवेच्या उधाणाला येऊ नये, असे ते म्हणाले. आमच्यातल्या एकाने अमावस्येची सुट्टी जोडून आणखी एक फेरी ठरवली होती, ती त्याने स्वतःच रद्द केली. ओहोटी खाडीबाहेर ओढत असताना समोरून वारा असेल, तर होडी पाण्यावर भराभर चालताना दिसते आणि किनाऱ्यावरचे माडाचे झाड मात्र तिथल्या तिथे राहते. आम्ही त्या दिवशी तसे एक झाड बराच वेळ पाहिले.

कर्वेनगरहून :

मी होडीत बसत नाही. मला बोट लागते. मात्र होडीत माझी चौथ्या हिश्शाची वर्गणी आहे आणि माझे कामही ठरलेले आहे. कोण आत बसले, किती वाजता निघाले आणि किती वाजता परतणार, हे मी लिहून ठेवतो. दुर्बीण, कोरडे कपडे आणि मोटारबोटवाल्याचा नंबर माझ्याजवळ असतो. ठरलेल्या वेळेवर अर्धा तास झाला की फोन करायचा, मग शीड समोर दिसत असले तरी, असे चौघांनी मिळून ठरवले आहे. असा फोन मी केलेला आहे. मंडळी वाऱ्याआड अडकून आरामात गप्पा मारत होती, मोटारबोटीचे पैसे चौघांत वाटले गेले, आणि माझ्या वाट्याचे मी कुरकुर न करता दिले.