'कॉर्पोरेट': सफाईदार कामाला हे दूषण लागू पडतं का?

प्रश्न

अलीकडे मराठी बोलण्यात एक वाक्य सारखं कानावर पडतं: 'काम चांगलं झालंय, पण फार कॉर्पोरेट वाटतं.' एकांकिका, पुस्तकाचं मुखपृष्ठ, गाण्याचं ध्वनिमुद्रण, दिवाळी अंकाची मांडणी, कशाबद्दलही. नेमकं काय खटकलं असं विचारलं की उत्तरं निरनिराळी येतात. कुणी म्हणतं गुळगुळीत आहे, कुणी म्हणतं जीव नाही, कुणाला त्यात पैसा दिसतो. आणि काहीजण म्हणतात, 'कुठे चूकच नाही.' हे शेवटचं उत्तर मला फार टोचतं. चूक नसणं हा दोष केव्हापासून झाला? मी मांडणीचं काम करते. पानावरचा मजकूर सहज वाचला जावा, डोळा कुठे अडखळू नये, यासाठी काय काय करावं लागतं ते मला ठाऊक आहे. या अर्थाने 'कॉर्पोरेट' म्हणणं बरोबर आहे का? आणि हा शब्द यायच्या आधी मराठीत आपण काय म्हणत होतो?

प्रतिसाद

आधी या शब्दाचे मराठीतले वापर वेगवेगळे करून पाहू, कारण ते एकमेकांशी फटकून आहेत.

'ती कॉर्पोरेटमध्ये आहे' म्हणजे मोठ्या खासगी कंपनीत नोकरीला आहे. इथे शब्द नाम झाला आहे आणि त्यात स्तुतीही नाही, निंदाही नाही. छपाईच्या दुकानात गिऱ्हाईक म्हणतं, 'लोगो जरा कॉर्पोरेट दिसला पाहिजे', तेव्हा ती सरळ अपेक्षा असते: नीटनेटका, भारदस्त, विश्वास वाटावा असा. तोच लोगो एखाद्या चित्रकार मित्राला दाखवला तर तो त्याच शब्दाने नापसंती दाखवतो. त्याच कुळातला 'कॉर्पोरेशन' हा शब्द तर आपल्या शहरांत महानगरपालिकेसाठी रुळला आहे. 'कॉर्पोरेशनची शाळा' म्हटल्यावर चकचकीत इमारत कुणाच्याच डोळ्यांपुढे येत नाही. म्हणजे चकाकी या शब्दाच्या अंगची नाही, ती आपण अलीकडे त्याला चिकटवली.

कलेच्या संदर्भातला निंदावाचक अर्थ मात्र आयात आहे. अमेरिकेत 1970च्या दशकाच्या उत्तरार्धात आणि पुढे 'कॉर्पोरेट रॉक' असा शब्दप्रयोग समीक्षकांनी चालवला. जर्नी, फॉरिनर, स्टिक्स, बॉस्टन अशा बँडना तो लावला गेला. आरोप असा की हे संगीत रेकॉर्ड कंपन्यांनी रेडिओच्या मापाने बेतलेलं आहे. पुरावा काय, तर ते फार स्वच्छ ऐकू येतं.

प्रतिसाद

बॉस्टनचं नाव निघालं म्हणून लिहितो. या शब्दाची खरी कसोटी तिथेच लागते आणि माझ्या मते शब्द तिथे साफ नापास होतो.

बॉस्टन हा बँड उभा करणारा टॉम शोल्झ एमआयटीतून मेकॅनिकल इंजिनिअर झाला आणि पोलरॉइड कंपनीत नोकरी करत होता. नोकरीतून सुटल्यावर घराच्या तळघरात, मॅसॅच्युसेट्समधल्या वॉटरटाउन गावी, तो गाणी ध्वनिमुद्रित करत बसायचा. गिटार, ऑर्गन, बास एकेक करून स्वतः वाजवायचा, एकावर एक थर चढवायचा, पसंत पडलं नाही की पुसून पुन्हा. पगारातले पैसे यंत्रांवर जात. ब्रॅड डेल्प या गायकाचा आवाजही असाच थरांनी चढवलेला. ही नमुना ध्वनिमुद्रणं कंपन्यांना पाठवली तर वर्षानुवर्षं नकार. शेवटी सीबीएस या रेकॉर्ड कंपनीच्या एपिक या लेबलने करार केला, तेही अट घालून: हे सगळं धंद्याच्या स्टुडिओत पुन्हा ध्वनिमुद्रित करायचं. तळघरातलं काम त्यांना चालणार नव्हतं.

मग जे झालं ते मला आजही थक्क करतं. निर्माता जॉन बॉयलन बाकीच्या वादकांना घेऊन लॉस अँजेलिसच्या स्टुडिओत गेला. कंपनीला वाटलं, अल्बम तिकडे होतो आहे. शोल्झ मात्र घरीच राहिला आणि बहुतेक सगळं काम त्याने तळघरातच पुरं केलं. 1976च्या ऑगस्टमध्ये अल्बम आला. एकट्या अमेरिकेत पुढे त्याच्या 1 कोटी 70 लाख प्रतींची नोंद झाली.

म्हणजे ज्या ध्वनीला 'कंपनीचा' म्हणून हिणवलं, तो एका माणसाने कंपनीचं न ऐकता, कंपनीपासून लपवून तयार केला होता. त्याच्या कामात जी सफाई होती ती हट्टाची होती. बँडच्या अल्बमच्या वेष्टनावर 'सिंथेसायझर वापरलेला नाही, संगणक वापरलेला नाही' अशी ओळ छापलेली असे. एवढं गुळगुळीत काम हाताने झालंय यावर लोकांचा विश्वास बसत नव्हता, हे त्यालाही माहीत असावं. दुसरा अल्बम 1978 मध्ये आला. कंपनीने घाई केली, तो मनासारखा झाला नाही, असं शोल्झ पुढे सांगत राहिला. तिसऱ्याला त्याने इतका वेळ घेतला की सीबीएसने त्याच्यावर खटला भरला. तो अल्बम 1986 मध्ये दुसऱ्याच कंपनीकडून निघाला. आठ वर्षं! तिमाहीचा हिशोब सांभाळणारी कुठली कंपनी आठ वर्षं एका अल्बमसाठी थांबेल? इथे तर घोटत बसण्याची ओढ आणि कंपनीचं वेळापत्रक यांचं उघड भांडण होतं.

आणि पहिल्या अल्बमच्याच वर्षाची दुसरी बाजू पाहा. 1976च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या सेक्स पिस्टल्स या पंक बँडने ईएमआयशी करार केला. पंक म्हणजे खडबडीत, ओरखडे काढणारं, म्हणून 'अस्सल'. पण ईएमआय ही त्या काळातली ब्रिटनमधली बडी कंपनी. रेकॉर्डच काय, सीटी स्कॅनरही तिच्याच प्रयोगशाळेतून आला. चार महिन्यांच्या आत ईएमआयने त्यांना काढून टाकलं हे खरं, आणि त्यांच्या बंडाबद्दल मला आदरच आहे. मुद्दा इतकाच की काम खडबडीत आहे की गुळगुळीत, यावरून त्यामागे कंपनी आहे की नाही हे कळत नाही.

प्रतिसाद

वरच्या मताशी मी पूर्ण सहमत नाही. शोल्झने तळघरात काय केलं हे ऐकणाऱ्याला कसं कळणार? त्याच्या कानावर येतं ते रेडिओवरून, आणि तो ध्वनी यशस्वी ठरल्यावर कंपन्यांनी तसेच बँड शोधले, तसेच अल्बम काढले. तीन-चार वर्षांत तो साचा झाला. साच्याला 'कॉर्पोरेट' म्हटलं तर काय चुकलं? शिवाय पहिला अल्बमही शेवटी सीबीएसनेच विकला.

प्रतिसाद

साच्याबद्दलचं म्हणणं मला मान्य आहे आणि तिथे हा शब्द मी स्वतः वापरेन. त्याचं अगदी अलीकडचं उदाहरण चित्रांमधलं आहे: जांभळ्या-निळ्या कातडीची, लांबलचक हातपायांची, चिमुकल्या डोक्यांची सपाट माणसं. बँकेचं ॲप असो, विम्याची जाहिरात असो की घरपोच किराण्याची, सगळीकडे तीच नाचत असतात. 2017च्या सुमारास फेसबुकसाठी बक या स्टुडिओने अशी एक शैली बेतली. या धाटणीच्या चित्रांना लोक 'कॉर्पोरेट मेम्फिस' म्हणतात. 1980च्या दशकातल्या मिलानच्या मेम्फिस या डिझायनरांच्या गटावरून ते नाव आलं. त्या शैलीचं कामच असं की कुठल्याही चित्रकाराला उचलता यावी, कुणीच दुखावू नये, कुणाचाच हात ओळखू येऊ नये. तिथे 'कॉर्पोरेट' हे वर्णन नेमकं बसतं, कारण निर्णय कुणी आणि कशासाठी घेतला हे तो शब्द सांगतो.

पण साचा आणि सफाई एकत्र बांधू नयेत. पेणच्या गणपतींचं बघा. मूर्ती साच्यातूनच निघते, एका साच्यातून शेकडो. तरी डोळ्यांची आखणी हाताने होते आणि ती प्रत्येक कारागिराला जमत नाही. कारखान्यात, मजुरीवर, हंगामाच्या घाईत बसून तो माणूस जी रेघ ओढतो ती मी कधी 'कॉर्पोरेट' म्हणणार नाही.

'शेवटी सीबीएसनेच विकला' हे मात्र मला पटत नाही. त्या न्यायाने आपलं निम्मं वैभव बाद करावं लागेल. मराठीत 'कंपनी' हा शब्द कलेच्या जोडीने किती सहज वावरला आहे: नाटक कंपनी, सर्कस कंपनी, फिल्म कंपनी. 'प्रभात' 1929 मध्ये कोल्हापुरात निघाली, 1933 मध्ये पुण्याला आली. नट, रंगारी, सुतार, ध्वनिमुद्रक सगळे पगारी. प्रयोगशाळा स्वतःची, नेपथ्याचा विभाग स्वतःचा, चित्रपटांवर तुतारीवालीचं बोधचिन्ह. आजच्या भाषेत ते पक्कं कॉर्पोरेट ठरेल. तिथेच 1936 मध्ये दामले-फत्तेलालांचा 'संत तुकाराम' झाला, जो पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. त्यात विष्णुपंत पागनीसांचा तुकाराम पाहताना पगारपत्रक कुणाला आठवतं?

प्रतिसाद

आधीचे मराठी शब्द विचारले होते, ते राहूनच गेलं.

चांगल्या बाजूला: घोटीव, सफाईदार, रेखीव, घाटदार, गोटीबंद. 'घोटीव' मला यांत सगळ्यांत श्रीमंत वाटतो. जुना हातकागद दगडाने घोटून चकचकीत करत, चुन्याची भिंत घोटत, मूल पाटीवर अक्षर घोटतं, गायक पलटा घोटतो. शब्दातच पुन्हापुन्हा फिरलेला हात आहे.

वाईट बाजूला: साचेबंद, ठोकळेबाज, बेतीव, बेगडी, कचकड्याचं, छापाचे गणपती. काम मन न लावता उरकलं असेल तर 'पाट्या टाकल्या'. पैशाकडे बघून केलं असेल तर 'बाजारू', 'गल्लाभरू'. तंत्र आहे पण आत काही नाही, यासाठी गाण्याच्या बैठकीत फार नेमकं बोलतात: 'तयारी आहे, पण गाणं नाही.' यात लक्ष देण्यासारखी गोष्ट ही की तयारीला नावं ठेवलेली नाहीत. तयारी मान्य करून जे नाही तेवढ्यावर बोट ठेवलं आहे. 'कॉर्पोरेट' म्हणताना आपण नेमकं हेच टाळतो. कशाची उणीव आहे ते सांगायचे कष्ट घ्यावे लागत नाहीत आणि जे आहे तेही मोडीत निघतं.

'धंदेवाईक' शब्दाचंही असंच झालं. पूर्वी 'धंदेवाईक नाटक मंडळ्या' असं लिहीत तेव्हा अर्थ एवढाच होता की हौशी नाहीत, नाटक हाच ज्यांचा पोटापाण्याचा उद्योग आहे अशा. मग तो शब्द घसरला, आणि साधा अर्थ सांगायला 'व्यावसायिक' आणावा लागला. आता 'व्यावसायिक'ही काहींच्या तोंडी खालच्या पट्टीत येऊ लागला आहे.

प्रतिसाद

'सफाईदार' सरसकट चांगल्या बाजूला घालू नका. 'सफाईने खोटं बोलला', 'सफाईने हात मारला' हेही मराठीच आहे.

प्रतिसाद

बरोबर, ते यादीत घालायला हवं. पण त्या वाक्यांतही दोष खोटेपणाला आणि चोरीला दिलेला आहे. बोलणाऱ्याच्या सफाईबद्दल ऐकणाऱ्याच्या मनात शंका नसते, उलट थोडं आश्चर्यच असतं.

मूळ प्रश्नाला माझं उत्तर असं. कुणाच्या सांगण्यावरून, कुणाला न दुखावण्यासाठी, कुठल्या मापात बसवण्यासाठी काम झालं आहे हे माहीत असेल, तर 'कॉर्पोरेट' खुशाल म्हणावं. नुसतं पृष्ठभागाकडे बघून म्हणू नये. तुमच्या मांडणीत जीव वाटला नाही तर वाचकाने 'जीव नाही' म्हणावं, आणि कुठल्या पानावर ते दाखवावं. त्यावर तुम्हाला काही करता येईल. 'कॉर्पोरेट वाटतं' एवढंच ऐकून तुम्ही काय करणार? अक्षरांमधलं अंतर मुद्दाम वेडंवाकडं? तसं करणारेही मी पाहिले आहेत. स्वच्छ काढलेल्या रेघेवर नंतर संगणकाने खरखर चढवतात, कागद जुना दाखवतात, शाई फुटल्यासारखी करतात. ते वाईट असतंच असं नाही. पण अस्सल दिसावं म्हणून जे वरून लावलं जातं त्याला आपल्याकडे 'बेगडी' म्हणत आले आहेत, आणि तो शब्द तिथे लावायला कुणी कचरू नये.