मदत हवी आहे : इराकच्या पुनर्बांधणीत अमेरिकेने हात आखडता का घेतला?

अमेरिकी काँग्रेसने नोव्हेंबर २००३ मध्ये इराकच्या पुनर्बांधणीसाठी सुमारे १८.४ अब्ज डॉलर मंजूर केले. मात्र २००६ च्या सुरुवातीला बुश प्रशासनाने नव्या अर्थसंकल्पात या कामासाठी भरीव वाढीव निधी न मागण्याचे ठरवले. या निर्णयामागचे राजकारण समजून घेण्यासाठी जाणकारांची मदत हवी आहे.

दरम्यानच्या काळात पाणी आणि विजेच्या वाट्याचा मोठा भाग सुरक्षेकडे वळवला गेला होता, आणि पुनर्बांधणीच्या खर्चावर देखरेख ठेवणाऱ्या अमेरिकी विशेष महानिरीक्षकांच्या अहवालानुसार पाण्याच्या १३६ नियोजित प्रकल्पांपैकी जेमतेम ४९ पूर्ण होतील अशी चिन्हे होती. हिंसाचार हे कारण खरेच. पण त्याच वर्षी अमेरिकी काँग्रेसच्या मध्यावधी निवडणुका होत्या, आणि महानिरीक्षकांचे कार्यालयच २००७ मध्ये गुंडाळण्याची तरतूद संरक्षणविषयक विधेयकात घुसडली गेली (बोंबाबोंब झाल्यावर ती मागे घ्यावी लागली, हा भाग वेगळा), त्यामुळे हा निव्वळ काटकसरीचा मामला होता असे मला वाटत नाही.

निधी थांबवण्यामागे मतदारांच्या नाराजीची धास्ती अधिक होती, की अपयशाचे खापर नव्या इराकी सरकारवर फोडण्याची सोय? काँग्रेसमधील सुनावण्यांपैकी कोणत्या आधी वाचाव्यात, हेही कृपया सुचवावे.